इमारत आहे, पण दवाखाना चालतो का? : सार्वजनिक आरोग्यसेवेविषयी वाचकांचे प्रश्न

धुळे, नंदुरबार आणि जळगाव या तिन्ही जिल्ह्यांतून या सदरासाठी आलेल्या पत्रांमध्ये सरकारी आरोग्यसेवेविषयीची पत्रे इतकी होती की, या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला द्यावे असे ठरले. पत्रे थोडक्यात दिली आहेत. पत्रलेखकांची आणि ज्या केंद्रांविषयी तक्रारी आहेत त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : अर्थशास्त्राच्या तासाला आमच्या सरांनी सांगितले की, देशाचे उत्पन्न वाढले की आरोग्य आपोआप सुधारते. मग गरीब देशांनी आधी कारखाने काढावेत आणि दवाखान्यांचा विचार नंतर करावा, असा याचा अर्थ होतो का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, शहादा)

उत्तर : आपल्या सरांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. उत्पन्न वाढले की घरातले अन्न, पाणी आणि निवारा सुधारतो आणि त्याचा परिणाम आयुर्मानावर होतो, याबद्दल वाद नाही. परंतु श्रीमंत होण्याची वाट न पाहता आरोग्यसेवा उभी करणारे देशही आहेत, आणि त्यांचे अनुभव आपल्याला अधिक उपयोगी आहेत, कारण त्यांच्या अडचणी सातपुड्यातल्या अडचणींपेक्षा फार वेगळ्या नव्हत्या.

श्रीलंकेत कळुतर येथे १९२६ मध्ये पहिले आरोग्य एकक सुरू झाले, तेव्हा तो देश ब्रिटिशांची वसाहत होता. १९३० च्या सुमारास तिथे दर एक लाख जन्मांमागे दोन हजारांहून अधिक माता दगावत असत. गावागावात प्रशिक्षित सुईण, तिच्या कामावर देखरेख ठेवणारी परिचारिका, त्या दोघींच्या मागे रक्ताची आणि शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय, आणि झालेल्या मातामृत्यूंची नोंद व चौकशी अशी साखळी त्या देशाने हळूहळू बांधत नेली. पुढची कित्येक दशके तिथले मातामृत्यूचे प्रमाण दर सहा ते बारा वर्षांनी निम्म्यावर येत गेले. या सगळ्या काळात श्रीलंका श्रीमंत देशांच्या यादीत कधीही नव्हती.

इथियोपियाचे उदाहरण अलीकडचे आहे. सुमारे पाच हजार लोकसंख्येच्या प्रत्येक ‘केबेले’त, म्हणजे तिथल्या सर्वांत खालच्या प्रशासकीय घटकात, दहावीपर्यंत शिकलेल्या दोन स्थानिक तरुणींना एक वर्षाचे प्रशिक्षण देऊन नेमायचे आणि त्यांना सरकारी पगार द्यायचा, असा कार्यक्रम त्या सरकारने २००३ मध्ये हाती घेतला. काही वर्षांतच अशा तीस हजारांहून अधिक कार्यकर्त्या कामाला लागल्या. त्या देशात १९९० मध्ये जन्मलेल्या हजार मुलांपैकी दोनशेच्या आसपास मुले वयाची पाच वर्षे पूर्ण होण्याआधीच दगावत होती; २०१२ पर्यंत हे प्रमाण हजारी सत्तरच्या आसपास आले. याचे सगळे श्रेय या तरुणींना देता येणार नाही, कारण नव्या लसी, मच्छरदाण्या आणि पिकांची सुधारलेली स्थिती यांचाही त्यात वाटा होता. मात्र लस आणि मच्छरदाणी शेवटच्या घरापर्यंत कोणी तरी न्यावी लागते, आणि ते काम त्यांनी केले. आपल्याहून कितीतरी गरीब असलेला देश या कार्यकर्तीला पगार देतो आणि आपण २००५ पासून आशाताईंना ‘स्वयंसेविका’ म्हणून पगाराऐवजी मोबदल्यावर ठेवले आहे, ही गोष्ट प्रस्तुत लेखकाला खटकते.

बांगलादेशाने तर त्याहून स्वस्त वाट धरली. १९७१ च्या युद्धात निर्वासितांच्या छावण्यांमध्ये पटकी (कॉलरा) पसरली तेव्हा सीमेवरच्या बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडील सलाईनच्या बाटल्या संपत आल्या आणि त्यांनी मीठ, साखर व सोडा यांचे पाणी तोंडावाटे देण्यास सुरुवात केली. जिथे शंभरातले तीसपर्यंत रुग्ण दगावत होते, तिथे ते प्रमाण चारांच्याही खाली आले. पुढे १९८० ते १९९० या दशकात बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेच्या महिला कार्यकर्त्या एक कोटीहून अधिक घरांमध्ये गेल्या आणि त्यांनी प्रत्येक आईला चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी यांचे मिश्रण करायला शिकवले. कार्यकर्तीचे मानधन ती किती घरांत गेली यावर नव्हते. काही काळानंतर तपासनीस त्याच घरी जाई, आईला शिकवलेले किती लक्षात आहे ते विचारी आणि त्यावर मानधन ठरे. आपल्याकडील अहवालांमध्ये किती बैठका घेतल्या आणि किती पत्रके वाटली याचे रकाने असतात. आईच्या लक्षात काय राहिले याचा रकाना क्वचितच असतो.

थायलंडने १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात शहरांतील मोठ्या रुग्णालयांवरील नवा भांडवली खर्च थोपवून तो पैसा तालुका पातळीवरील रुग्णालयांकडे वळवला. सर्व नागरिकांना अवघ्या ३० बाटमध्ये उपचार देणारी त्या देशाची योजना २००१ मध्ये सुरू झाली; ती चालली, कारण नागरिकांनी कार्ड घेऊन जावे असे रुग्णालय प्रत्येक तालुक्यात त्याआधीच उभे होते.

या सर्व देशांनी पैसा दरवर्षी कराव्या लागणाऱ्या खर्चावर टिकवून धरला : कार्यकर्तीचा पगार, औषधे, गाडीचे डिझेल, देखरेख. आपल्याकडे इमारतीला निधी मिळणे सोपे असते, कारण इमारत एकदाच बांधावी लागते, तिचे उद्घाटन करता येते आणि कोनशिलेवर नाव येते. परिचारिकेचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो आणि त्याची कोनशिला बसवता येत नाही. आफ्रिकी देशांनी एप्रिल २००१ मध्ये अबुजा येथे अर्थसंकल्पाचा १५ टक्के भाग आरोग्यावर खर्च करण्याचे वचन दिले आणि ते फार थोड्या देशांना पाळता आले. भारताच्या २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सार्वजनिक आरोग्यावरील खर्च देशांतर्गत उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. अर्थसंकल्पाच्या दिवशी आपल्या वर्गात या आकड्यांचा ताळेबंद मांडून पाहावा. कारखाने आधी की दवाखाने आधी, या चर्चेपेक्षा तो अधिक बोधप्रद ठरेल.

प्रश्न : आमच्या पाड्याला रस्ता नाही. बाळंतीण अडली की तिला बांबूच्या झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत न्यावे लागते. रस्त्याचे आश्वासन दर निवडणुकीला मिळते. रस्ता होईपर्यंत काही करता येण्यासारखे आहे का? (शेतकरी, अक्राणी तालुका)

उत्तर : रस्ता हवाच, आणि त्याची मागणी एका दिवसासाठीही सोडू नये. तरीही आपला प्रश्न योग्य आहे, कारण अडलेली बाई रस्त्याच्या निविदेची वाट पाहू शकत नाही.

माता नेमक्या का दगावतात याचा विचार करणाऱ्या थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासकांनी १९९४ मध्ये एक मांडणी केली, ती आजही जगभर वापरली जाते. त्यांच्या मते उशीर तीन ठिकाणी होतो : दवाखान्यात जायचे हे घरात ठरण्यास लागणारा उशीर, दवाखान्यापर्यंत पोहोचण्यास लागणारा उशीर आणि पोहोचल्यावर प्रत्यक्ष उपचार सुरू होण्यास लागणारा उशीर. झोळीचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते, त्यामुळे मधला उशीर सर्वांना दिसतो. पहिला घराच्या भिंतीआड होतो आणि तिसरा प्रसूतिकक्षाच्या दाराआड, म्हणून त्या दोहोंची चर्चा होत नाही.

मधल्या उशिरावरचा जुना आणि कमी खर्चाचा उपाय म्हणजे प्रसूतीच्या काही दिवस आधीच बाईला दवाखान्याजवळ आणून ठेवणे. क्यूबाने डोंगराळ भागातील स्त्रियांसाठी अशी प्रतीक्षागृहे १९६२ पासून बांधली. इथियोपिया, झिंबाब्वे अशा आफ्रिकी देशांतही ती आहेत. महाराष्ट्रात आदिवासी जिल्ह्यांतील निवडक प्राथमिक आरोग्य केंद्रांत २०१०-११ पासून ‘माहेरघर’ योजना आहे आणि त्यात नंदुरबारचाही समावेश आहे. मात्र खाट आणि छप्पर एवढ्यावर माहेरघर चालत नाही. बाई घर सोडून आली तर मागे राहिलेली लहान मुले कोणी पाहायची, शेळ्यांना चारा कोणी घालायचा, सोबत आलेल्या सासूने जेवायचे कुठे आणि बुडालेल्या मजुरीचे काय, या प्रश्नांना जिथे उत्तर मिळते तिथे माहेरघर भरते. जिथे मिळत नाही तिथे ते सामान ठेवण्याची खोली होते. म्हणून आपल्या आरोग्य केंद्राला माहेरघर आहे का, एवढे विचारून थांबू नये. तिथे स्वयंपाकाची सोय आहे का, सोबतच्या मुलाला व नातेवाइकाला राहू देतात का आणि बुडीत मजुरी कधी मिळते, हेही विचारावे.

पहिल्या उशिराचे मूळ बहुधा भाषेत आणि वागणुकीत असते. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या बाईला प्रसूतिकक्षात मराठीतून दटावले गेले, तर तिची जाऊ पुढच्या खेपेला घरीच बाळंत होणे पसंत करते. दाईला वगळून तिच्या जागी दवाखाना आणण्याचा हट्ट अनेक देशांत फसला. दाईनेच बाईला सोबत घेऊन यावे आणि प्रसूतीच्या वेळी तिच्याजवळ थांबावे, अशी मुभा जिथे दिली गेली तिथे दवाखान्यातील प्रसूती वाढण्यास मदत झाली. आपल्या पाड्यावरील दाईला आरोग्यसेविकेच्या बैठकीला बोलावले जाते का, ते पाहावे.

तिसऱ्या उशिरावर मोझांबिकने शोधलेला मार्ग आपल्याकडील अनेक डॉक्टरांना रुचणार नाही, तरी तो सांगितला पाहिजे. त्या देशाने १९८४ पासून डॉक्टर नसलेल्या आरोग्यकर्मचाऱ्यांना तीन वर्षांचे शिक्षण देऊन सिझेरियनसह तातडीच्या शस्त्रक्रिया करण्यास तयार केले. तालुका रुग्णालयांतील प्रसूतीविषयक मोठ्या शस्त्रक्रियांपैकी बहुसंख्य त्यांच्या हातून होऊ लागल्या. नेमणुकीनंतर सात वर्षांनी पाहणी केली असता त्यांच्यापैकी दहांतील जवळपास नऊ जण तालुका रुग्णालयातच काम करत होते; त्याच ठिकाणी नेमलेल्या डॉक्टरांपैकी मात्र एकही उरला नव्हता. आपल्याकडे हा मार्ग जसाच्या तसा आणता येणार नाही, कारण कायदा वेगळा आहे आणि डॉक्टरांची संख्याही तितकी कमी नाही. परंतु भूल देणारा डॉक्टर नाही म्हणून ग्रामीण रुग्णालयातून बाईला पुढे धुळ्याला पाठवायचे आणि ती घाटातच राहायची, हे किती दिवस चालू द्यायचे, याचे उत्तर व्यवस्थेला द्यावे लागेल. एमबीबीएस डॉक्टरांना तातडीच्या प्रसूतीशस्त्रक्रियेचे आणि भूल देण्याचे अल्पकालीन प्रशिक्षण देण्याची तरतूद आपल्याकडे आहे. प्रशिक्षण घेतलेल्यांची बदली अशा ठिकाणी होते जिथे शस्त्रक्रियागृहच नसते, हे तिचे दुखणे आहे.

प्रसूतीनंतरचा रक्तस्राव दोन तासांतही जीव घेऊ शकतो आणि पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड कोसळली तर दोन तासांत काहीच होत नाही. नेपाळने २००५ पासून आपल्या महिला आरोग्य स्वयंसेविकांमार्फत गर्भवतींना हा रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या आधीच देऊन ठेवण्याचा प्रयोग केला, म्हणजे घरी प्रसूती झालीच तर बाळ बाहेर आल्यानंतर त्या लगेच घेता याव्यात. भारत सरकारच्या मार्गदर्शक सूचनांतही दुर्गम भागासाठी अशी तरतूद आहे. ही गोळी आरोग्यसेविकेने समजावून सांगितल्याशिवाय कोणीही घेऊ नये. प्रसूतीच्या आधी घेतल्यास ती घातक ठरू शकते. आपल्या भागात सिकलसेल आजाराचे प्रमाण लक्षात घेता प्रत्येक गर्भवतीची त्याची तपासणी पहिल्या तीन महिन्यांतच झाली पाहिजे, कारण अशा बाईला रक्त लागण्याची शक्यता अधिक असते आणि ते कुठून आणायचे हे आधी ठरलेले असावे.

नर्मदेच्या फुगवट्याने वेढलेल्या अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या गावांसाठी तरंगता दवाखाना चालवला गेला, तो रस्ता नव्हता म्हणूनच. डोंगरावरच्या पाड्यांसाठी त्या तोडीची कल्पकता अजून दिसलेली नाही.

प्रश्न : सरकारी दवाखान्यात सर्व मोफत, अशी पाटी आहे. प्रत्यक्षात आमच्या केंद्रातून चिठ्ठी मिळते आणि औषध बाहेरच्या मेडिकलमधून आणावे लागते. थोडे शुल्क घेतले, पण औषध दिले, तर ते बरे नाही का? (केळी उत्पादक, चोपडा तालुका)

उत्तर : आपला त्रागा रास्त आहे, पण सुचवलेला उपाय जगात अनेकदा करून झाला आहे. १९८७ मध्ये बमाको येथे आफ्रिकेच्या आरोग्यमंत्र्यांनी हेच ठरवले होते : रुग्णाकडून औषधाचे पैसे घ्यावेत आणि त्यातून पुढचे औषध आणावे. काही ठिकाणी औषधे मिळू लागली, हे खरे. परंतु ज्याच्या हातात रोख नव्हती तो दवाखान्यापासून दूर राहिला, आणि गरिबांना सूट देण्याचे नियम बहुतेक कागदावरच राहिले. रक्कम लहान असली तरी हेच घडते. केनियात गर्भवतींना औषधयुक्त मच्छरदाण्या देताना केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे दिसले की, मोफत मच्छरदाणीऐवजी जेमतेम साठ सेंट इतकी किंमत लावली, तर ती घेणाऱ्यांचे प्रमाण शंभरामागे साठांनी घसरते.

युगांडाने मार्च २००१ मध्ये सरकारी दवाखान्यांतील शुल्क रद्द केले. गर्दी एकदम वाढली, विशेषतः गरिबांची, आणि औषधांचा साठा पुरेना. परिणामी गरीब कुटुंबांवरचा आजारपणाच्या खर्चाचा भार अपेक्षेइतका हलका झाला नाही, कारण केसपेपरचे पैसे वाचले तरी औषधे बाहेरूनच घ्यावी लागली. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी आणि उपचार मोफत केले, ते योग्यच झाले. आपले पत्र वाचताना युगांडाची आठवण होते एवढेच.

म्हणून लक्ष शुल्काऐवजी पुरवठ्याकडे द्यावे. तामिळनाडूने १९९४ मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केले आणि पुढच्या वर्षापासून औषधांची खरेदी एका जागी आणली. आवश्यक औषधांची ठराविक यादी, ब्रँडऐवजी मूळ नावाने खरेदी, प्रत्येक खेपेची प्रयोगशाळेत तपासणी, जिल्हा पातळीवरील गोदामे, आणि प्रत्येक दवाखान्याला बँकेसारखे एक पासबुक, हे त्या पद्धतीचे घटक होत. त्या पासबुकात दवाखान्याची वार्षिक रक्कम जमा असते आणि वैद्यकीय अधिकारी आपल्या गरजेप्रमाणे त्यातून औषधे उचलतो. ज्या केंद्रात सर्पदंशाचे रुग्ण अधिक, तिथे सर्पदंशावरचे प्रतिविष अधिक उचलले जाते. वरून सर्वांना सारखेच खोके येत नाही. आपल्याकडेही औषध खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण करण्याचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. ते तामिळनाडूच्या वाटेने जाते की केवळ निविदा काढणारे आणखी एक कार्यालय होते, ते केंद्रातल्या कपाटात दिसेल.

आपण स्वतः काय करावे? बाहेरची चिठ्ठी मिळाली की ती जपून ठेवावी, तारीख लिहावी आणि अशा चिठ्ठ्या रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत मांडाव्यात. केंद्राच्या किरकोळ व तातडीच्या खरेदीसाठी या समितीकडे थोडा निधी असतो. आपले प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत आहे, तर तालुक्याचे रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या. चुकीच्या दारात दिलेला अर्ज महिनोन्‌महिने फिरत राहतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

प्रश्न : आमच्याकडे पाच लाखांच्या विम्याचे कार्ड आहे. मग सरकारने दवाखाने चालवण्यापेक्षा सर्वांना असे कार्डच द्यावे, हे सोपे नाही का? (दुकानदार, शिरपूर)

उत्तर : कार्डाची किंमत कमी लेखण्याचे कारण नाही. राज्याची जीवनदायी योजना २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत धुळे होते, आणि हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजाराने शेत विकावे लागले नाही अशी कुटुंबे तिच्यामुळे निश्चितच आहेत. परंतु अशी योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यानंतर कामास येते. रक्तदाबाची रोजची गोळी, मधुमेहाची तपासणी, बाळाची लस, गर्भवतीचे हिमोग्लोबिन यांपैकी काहीही त्या कार्डावर मिळत नाही, आणि पक्षाघात किंवा मूत्रपिंड निकामी होणे यांची सुरुवात याच दुर्लक्षित गोष्टींतून होते. रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी भरायला गेलेल्या शेतकऱ्याला साप चावला, तर त्याला पहिल्या तासाभरात जवळच्या केंद्रात प्रतिविष मिळाले पाहिजे. पाच लाखांचे कार्ड त्या तासात कामाचे नाही.

रवांडाचा सामुदायिक विमा यशस्वी म्हणून नेहमी सांगितला जातो. तिथे तो गावाजवळच्या सरकारी आरोग्य केंद्रातील साध्या उपचारांनाही लागू आहे, अतिगरिबांचा हप्ता सरकार भरते, आणि गावोगाव मिळून चाळीस हजारांहून अधिक आरोग्य कार्यकर्ते आहेत. तिथल्या विम्याचा पैसा खालच्या केंद्राकडे येतो, आपल्याकडचा मोठ्या शहरातल्या रुग्णालयाकडे जातो. शिरपूरच्या उत्तरेकडील पाड्यांवरचा माणूस त्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत गाडीभाड्यातच कर्जबाजारी होतो.

प्रश्न : आमच्या केंद्रात डॉक्टर मुक्कामी राहत नाहीत आणि आरोग्यसेविका कधी येतात, कधी येत नाहीत. अंगठा लावून हजेरी घेणारे यंत्र बसवावे, असा ठराव मी ग्रामपंचायतीत मांडणार आहे. आपले मत काय? (ग्रामपंचायत सदस्या, साक्री तालुका)

उत्तर : ठराव जरूर मांडावा, ताई, पण यंत्रावर फार भिस्त ठेवू नये. गैरहजेरी हा केवळ आपल्या तालुक्याचा दोष नाही. बांगलादेश, भारत, इंडोनेशिया, युगांडा, पेरू आणि इक्वेडोर या सहा देशांत पूर्वसूचना न देता केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सरासरी ३५ टक्के आरोग्य कर्मचारी जागेवर नव्हते; भारतात हे प्रमाण ४० टक्के होते.

राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात नेमका आपण म्हणता तोच प्रयोग झाला. सेवा मंदिर या संस्थेने उपकेंद्रांतील परिचारिकांची हजेरी तारीख-वेळ उमटवणाऱ्या यंत्राने नोंदवली आणि गैरहजेरीबद्दल पगार कापण्याचे जिल्हा प्रशासनाने मान्य केले. पहिल्या सहा महिन्यांत गैरहजेरी निम्म्यावर आली. त्यानंतर बैठक, सर्वेक्षण, दौरा अशा कारणांनी ‘सूट दिलेले दिवस’ वाढत गेले, आणि सुमारे सोळा महिन्यांनी यंत्र असलेल्या व नसलेल्या केंद्रांत काही फरक उरला नाही. यंत्र ठीक होते; पगार कापायची इच्छा कार्यालयात उरली नव्हती.

आरोग्यसेविकेच्या बाजूनेही पाहायला हवे. आदिवासी भागात एका उपकेंद्राकडे तीन हजार आणि इतरत्र पाच हजार लोकसंख्या असावी, असा निकष आहे. जागा रिक्त असल्याने एकाच सेविकेवर दोन उपकेंद्रांचा भार असतो, त्यात ऑनलाइन नोंदी, शिबिरे आणि बैठका. निवासस्थानाला पाणी नसते, दार बंद होत नाही आणि रात्री एकटीने राहावे लागते. मलावीत परिचारिका आणि डॉक्टर देश सोडून जात होते, तेव्हा २००४ नंतरच्या तातडीच्या कार्यक्रमात त्यांच्या पगारावर ५२ टक्क्यांची भर घातली गेली आणि त्याचबरोबर प्रशिक्षणाच्या जागा वाढवल्या, त्यानंतर ही गळती कमी झाली. थायलंडने १९७० च्या दशकापासून नव्या डॉक्टरांना ग्रामीण सेवा सक्तीची केली, पण तिच्यासोबत दुर्गम भत्ता, राहण्याची चांगली सोय आणि ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय प्रवेशात राखीव जागा ठेवल्या. आपल्याकडे बंधपत्राची सक्ती आहे. बाकीच्या गोष्टी अपुऱ्या आहेत. धुळ्यातील जुन्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला आता जळगाव आणि नंदुरबार येथील नव्या महाविद्यालयांची जोड मिळाली आहे. तिथे पावरा, भिल, मावची, कोकणा समाजांतील मुलेमुली किती शिकतात, यावर पुढच्या वीस वर्षांतील मुक्कामी डॉक्टरांची संख्या अवलंबून राहील, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

गावाचे लक्ष असणे हा तिसरा मार्ग. युगांडातील पन्नास दवाखान्यांपैकी निम्म्या दवाखान्यांभोवतीच्या गावकऱ्यांना त्यांच्या दवाखान्याची माहिती देऊन कर्मचाऱ्यांसोबत बसवले, तेव्हा बालमृत्यू तेहतीस टक्क्यांनी कमी झाले, असा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. पुढे त्याच देशात कितीतरी अधिक केंद्रांवर झालेल्या प्रयोगात बालमृत्यूवर असा परिणाम आढळला नाही. तेव्हा याही मार्गाकडे जादू म्हणून पाहू नये. महाराष्ट्रात मात्र २००७ पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीची प्रक्रिया सुरू झाली आणि पहिल्या पाच जिल्ह्यांत नंदुरबार होते. गावाने आपल्या केंद्राचे गुणपत्रक भरायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडायचे, अशी ती पद्धत. जनसुनवाईत बंद पडलेली प्रसूतीची खोली उघडणे, बाहेरच्या चिठ्ठ्या थांबवणे अशा लहान गोष्टी सुटतात. रिक्त पदे मात्र तिथे भरता येत नाहीत, कारण तो निर्णय मुंबईत होतो.

आपल्या ठरावात हजेरी यंत्राच्या जोडीला दोन कलमे घालावीत, असे सुचवतो : निवासस्थानाची दुरुस्ती व पाणी यांची जबाबदारी ग्रामपंचायत घेईल, आणि आरोग्यसेविकेचा महिन्याचा फिरतीचा तक्ता पाड्यागणिक फळ्यावर लावला जाईल. ती कुठे असायला हवी हे बायकांना ठाऊक असेल, तर ती नसल्याचे त्याच दिवशी कळते.

प्रश्न : दिवाळीनंतर आमच्या गावातील निम्मी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि होळीला परततात. या मुलांच्या लसी चुकतात. परत आल्यावर लसीकरण पहिल्यापासून सुरू करावे लागते का? (अंगणवाडी सेविका, तळोदा तालुका)

उत्तर : नाही. चुकलेला डोस जिथे राहिला तिथून पुढे द्यायचा असतो. आधीचे डोस वाया जात नाहीत. पोलिओची आणि गोवर-रुबेलाची लस पाच वर्षे वयापर्यंत देता येते, मात्र बीसीजी (क्षयरोगाची लस) आणि पेंटाव्हॅलंटचा (पाच रोगांवरच्या एकत्रित लसीचा) पहिला डोस एक वर्षाच्या आत मिळणे आवश्यक आहे. म्हणून निघण्यापूर्वी एक वर्षाखालील मुलांची यादी आधी तपासावी. माता-बाल संरक्षण कार्ड आईने सोबत न्यावे. बारडोलीजवळच्या पडावावरही त्या कार्डावर लस मिळते, कारण लसीकरणाला गावाचे किंवा राज्याचे बंधन नाही.

वर उल्लेखलेल्या उदयपुरातच लसीकरणाचाही एक प्रयोग झाला होता आणि तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गावांत काहीच वेगळे केले नाही तिथे सहा टक्के मुलांचे लसीकरण पूर्ण झाले. जिथे ठरलेल्या तारखेला न चुकता शिबिर भरले तिथे अठरा टक्के. आणि जिथे प्रत्येक लसीमागे आईला किलोभर डाळ व लसीकरण पूर्ण झाल्यावर ताटांचा संच दिला तिथे एकोणचाळीस टक्के. डाळीची चर्चा पुष्कळ होते, पण केवळ तारीख पाळल्याने प्रमाण तिप्पट झाले याकडे लक्ष कमी जाते. आपल्या गावात होळीनंतरच्या आठवड्यातील लसीकरण सत्राची तारीख आरोग्यसेविकेकडून आत्ताच लिहून घ्यावी आणि मुकादमालाही सांगून ठेवावी, कारण परतीची गाडी कोणत्या दिवशी निघणार हे तोच ठरवतो.